सीलबंद जिनिंगची घरघर

हिवाळ्यातला वाशीमचा उजेड घाईने येत नसे. आधी तो कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या धुराड्याच्या कडेला लागे, मग पत्र्यांवरून सावकाश उतरत खिडक्यांच्या गजांत थांबे. अंगणातली धूळ प्रथम राखेसारखी दिसे, नंतर गव्हासारखी. त्या उजेडात विशेष असे काही नव्हते. तरी मी त्याच्याकडेच पाहत राही, कारण दाराकडे पाहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

कारखाना दिवाळखोरीत निघाला होता. न्यायालयाने नेमलेले रिसीव्हर मारोतराव. मी त्यांचा नवखा वकील मदतनीस. दारावरचे लाखेचे सील माझ्याच हातचे. कारखाना विकून घेणेकऱ्यांत वाटावा, की सावरून पुन्हा चालू द्यावा, यावर इतर देशांचे कायदे पाहून मला टिपण लिहायचे होते.

त्या सकाळी दाराशी विजयमाला उभी होती, मालक जानरावांची मुलगी. हातात हळदकुंकवाची वाटी. इंजिन सुरू करण्यापूर्वी त्याला रोज कुंकू लावण्याची त्यांच्या घरची रीत. दार बंद, म्हणून ती भिंतीलाच बोटे टेकवीत होती.

"सील तोडून नाही राह्यली, वकीलसाहेब. भिंत तं आमची हाय ना अजून?"

"भिंतही... आता न्यायालयाच्या ताब्यात आहे."

"मंग न्यायालयाले कुंकू लागलं समजा."

मी हसलोही असतो. पण भिंतीआडून घरघर आली — खोल, संथ, इंजिनाची. तिचा हात जागीच थांबला.

मग मी रोज जाऊ लागलो. घरघरही रोज येई.

"विलायतेत आमचं काय झालं असतं?" तिने एकदा विचारले.

"तिथे तारण घेतलेला घेणेकरी आपलाच माणूस कारखान्यावर बसवतो."

"विलायत राहू द्या. दुसरा देश सांगा."

"अमेरिकेत न्यायालय तारणवाल्यालासुद्धा थोपवू शकते. यंत्रे चालू राहतात, आणि सावरण्याची योजना ठरते."

"आन् आपल्याकडं?"

"आपल्याकडे तारणवाला दाव्याबाहेरच राहतो. तारणावर सरळ हात टाकू शकतो."

ती भिंतीकडे पाहू लागली. वारा नव्हता, आत वर्षभर कापूस पडला नव्हता. तरी तिच्या केसांवर पांढरे तंतू उतरत होते.

"टिपणात अमेरिकाच लिहा," ती म्हणाली. "नाही तं आमाले कामरगावले जा लागन, मामाकडं. मंग तुमी भिंतीसंगच बोलत बसान."

"तुम्ही गेलात, तर मी—"

"तर काय? कायद्यात नसन तं तोंडानं सांगा."

"तर मला कुठेच जावेसे वाटणार नाही."

तिने मान खाली घातली. ओठांवर हसू होते. आवाजात मात्र भीती. "एक सांगू? ही घरघर मले एकटीले कधी नाही आली. तुमी आले का येते."

तिने माझा हात धरून भिंतीवर ठेवला. भिंत ऊन लागण्याआधीच उबदार होती.

मी टिपणात लिहिले : कारखान्यात प्राण आहे, सावरण्यास मुदत द्यावी.

मारोतरावांनी ते वाचून चष्मा काढला. "सारं बरोबर हाय, बापू. पण चालवता कायच्या जोरावर?"

सील लावण्याआधी मी स्वतः आत गेलो होतो. चौथरा रिकामा होता. तारणवाल्याने इंजिन केव्हाच काढून नेले होते.