एक्केचाळीस वेळा

तुम्ही खोटं लिहिलंत. चौकशी समितीत बसलेल्या तुम्ही तिघांनी 'नर्सने पंप थांबवायचं बटण दाबलंच नाही' ही ओळ पंप तपासायच्या आधीच अहवालात टाइप करून ठेवलीत. खाली सहीला जागाही सोडलीत. आणि सही कुणाची हवी होती? त्या नर्सच्या सख्ख्या बहिणीची. ती, धाकटी, पंप बनवणाऱ्या तुमच्याच कंपनीत पंपांचे प्रोग्राम तपासते. बहिणीनेच सही केली की बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद, आणि त्या नर्सची, तिच्या ताईची, हॉस्पिटलमधली नोकरी कायमची गेली. केवढी ही अक्कल!

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता धाकटी कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. रबरी चटईवर तो पंप होता, चपलांच्या खोक्याएवढा, शिरेतून औषध सोडणारा. औषध थांबेना म्हणून ताईचा म्हातारा पेशंट गेला, त्याच मिनिटाला पंपाचा पडदा गोठला होता. गेले आठ दिवस तो चार्जरवर तसाच होता.

रजिस्टर म्हणजे पंपाच्या प्रोसेसरची, त्याच्या मेंदूची, मूठ. त्या क्षणी हातात धरलेले आकडे तिथे असतात. रिसेट केलं की मूठ उघडली, वीज गेली तरी उघडली. म्हणून धाकटीने सेटिंगमधली 'जोडताना रिसेट कर' ही ओळ आधी खोडली. मग पंपाला लॅपटॉपची केबल लावून तिने एजंटला बजावलं: प्रोसेसर थांबव, फक्त वाच, कशाला हात लावू नकोस. हा एजंट म्हणजे जुन्या कारकुनासारखा प्रोग्राम. सांगितलं तेवढंच करतो, वर नम्रपणे कळवतो.

त्याने कळवलं: प्रोग्राम मोटर बंद करायच्या ओळीवर अडकलेला. बटण किती वेळा दाबलं तो आकडा चौथ्या रजिस्टरमध्ये. एक्केचाळीस.

म्हणजे ताईने एक्केचाळीस वेळा बटण दाबलं होतं. पंपाला ते कळलंही होतं. फक्त मोटर थांबली नव्हती.

धाकटी लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढणार, तेवढ्यात तिचे साहेब आत आले. वाकून बघता बघता त्यांनी पंपाच्या बोर्डावरची रिसेटची कळ दाबली.

"सवय गं," ते म्हणाले. "आधी रिसेट, मग बघायचं. आमची पिढी अशीच."

धाकटीने एजंटला पुन्हा वाचायला सांगितलं. आता तिथे कोरे आकडे यायला हवे होते.

एक्केचाळीस.

साहेब हसले. तुझा एजंट मनाचे आकडे रचतो, असं म्हणाले. तिलाही तेच वाटलं. तिने एजंट बंद केला आणि हाताने आज्ञा देऊन रजिस्टर वाचलं. एक्केचाळीस. चार्जर काढला, बॅटरी काढली. केबलमधूनही कधी कधी थोडी वीज झिरपते, म्हणून मीटर लावला. शून्य.

तिने पुन्हा वाचलं. बेचाळीस.

थांबलेल्या, वीज नसलेल्या प्रोसेसरमधला आकडा वाढत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. साहेबांनी स्वतः वाचून पाहिलं. त्रेचाळीस आला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. चव्वेचाळीस. मग मीटिंग आहे असं पुटपुटत ते निघाले. दार लावायचंही त्यांना सुचलं नाही.

धाकटीने ताईला फोन लावला. ताई घरीच होती, आठ दिवस घरीच बसवलेली.

"ताई, बटण किती वेळा दाबलं होतंस?"

"कोण मोजतंय तेव्हा?" ताई थकून म्हणाली. "तीसेक वेळा असेल. मग मी डॉक्टरांना बोलवायला पळाले."

"मग पुढचं कुणी दाबलं?"



"त्या पेशंट आजोबांनी माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवला होता गं. माझ्याबरोबर तेही दाबत होते. मी हात काढला तेव्हा त्यांचा तिथेच राहिला."

धाकटीने फोन ठेवला. पंपाकडे पाहिलं. लाल रबरी बटण आत गेलं. वर आलं.

पुन्हा आत गेलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर सत्तेचाळीस.

पळून जावं असं तिला वाटलं. पण साहेब पळाले होते, एवढं एक कारण थांबायला पुरेसं होतं. तिने खुर्ची ओढली आणि आपला अंगठा बटणावर ठेवला.

बटण खालून ओढलं जात नव्हतं.

वरून, तिच्या नखावर, काहीतरी टेकलं. गार. हाडकुळं. मग त्याने जोर लावला.

सही तिने केली नाही. तुमच्या अहवालातल्या त्या ओळीवर काट मारून तिने खाली स्वतःच्या हाताने लिहिलं की बटण दाबलं होतं आणि अजून दाबलं जातंय. पंप टेबलावरच आहे, बॅटरीशिवाय. आज सकाळचा आकडा नऊ हजारांच्या वर गेलाय.

तुम्ही तिघं या. एकेकाने अंगठा ठेवा. आणि मग ताईच्या तोंडावर सांगा: बटण दाबलंच नव्हतं, तर हे थांबत का नाहीये?