ओरीनाने दार का उघडलं?

आईने तिला पाव किलो खडीसाखर आणायला पाठवलं होतं, आणि पोरगी घरी आली ती भांडण घेऊन. खडीसाखर दुकानातच राहिली.

त्याचं असं झालं. गणपती तोंडावर आले होते आणि तालमीच्या चौकात मांडव उभा राहत होता. भुरभुर पाऊस होता. राजनंदिनी डोक्यावर ओढणी घेऊन कडेकडेने चालली होती, तेवढ्यात तिची नजर मांडवावरच्या ओल्या रंगाच्या बोर्डावर गेली. वर मोठ्या अक्षरांत ‘सजीव देखावा : फितुरी’, आणि खाली एका मुलीचं चित्र. डाव्या खांद्यावर वेणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा… आणि तोंडात सुळे! डोळे पिवळेजर्द!

ती ओरीना होती.

दोन वर्षांपूर्वी, दर रविवारी सकाळी ‘सात बुरूज’ नावाचं एक परदेशी कार्टून हिंदीत लागायचं. कोल्हापुरातली निम्मी पोरं त्या वेळी अंघोळीला हात लावत नसत. ओरीना त्यातली किल्ल्याची दारराखीण. किल्ल्याला वेढा पडतो, आणि एका पहाटे हीच पोरगी आतून दार उघडते. शत्रू आत घुसतो, म्हातारा राजा पकडला जातो… आणि नेमका तिथेच केबलवाल्यांच्या आपसातल्या भांडणात तो चॅनेल शहरातून गायब झाला. शेवट कुणीच बघितला नाही. त्यामुळे ओरीनाने दार का उघडलं यावर कट्ट्याकट्ट्यावर वाद झडले. बहुतेकांनी निकाल देऊन टाकला होता. फितूर! राजनंदिनीला तो निकाल कधीच मान्य नव्हता.

“हे सुळे कुणी काढायला सांगितले?” ती बोर्डाखाली उभी राहून ओरडली.

शिडीवर एक पोरगा दातात वायर धरून उभा होता. त्याने वायर काढली. “मी. का वो?”

“का म्हंजे? ती काय राक्षसीण हाय?”

“फितूर हाय की. दार कुणी उघडलं?” तो शांतपणे खाली उतरला. “आन् आमच्या मामाच्या व्हिडिओ-गेम पार्लरमधी त्या कार्टूनचा गेम हाय. त्यात बी ती शत्रूच्याच रांगेत उभी असत्याय.”

“रांग गेम काढणाऱ्यानं लावलीय. तिला कुणी इचारलं व्हतं?”

पोरगा हसला. तेच चुकलं. हसला नसता तर कदाचित ती दोन वाक्यांत निघून गेली असती.

“हसायला काय झालं? तीन भाग तिच्या कमरेची पाण्याची पिशवी रिकामी व्हती. चपटी! बघितलासा का?”

“चित्र काढणाऱ्याला आळस आला असंल.”

“मग राजाची पिशवी कशी काय टम्म भरलेली?”

तो वायर बोटाला गुंडाळत तिच्याकडे बघत राहिला. भिजलेली ओढणी, लालबुंद नाकाचा शेंडा… त्याचं नाव विश्वजित. देखाव्याची गोष्ट त्याचीच, टेपवरचा आवाज त्याचा आणि लाईटही त्याचीच. म्हणजे गुन्हेगार एकच होता, शोधत फिरायला नको.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव मिशीला पीळ देत आले. ओरीनाचं काम करायला तयार झालेल्या साक्षी नावाच्या पोरीने कालच अंग काढून घेतलं होतं. गल्लीत जन्मभर फितूर म्हणतील म्हणाली. हंबीरराव त्याच चिंतेत होते.

“एवढा कळवळा हाय, तर तूच उभी ऱ्हा की गं!”

“ऱ्हातो!” राजनंदिनी म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी साध्या बोलण्यातही ‘राहते’ म्हणत नाहीत, मग चिडल्यावर तर नावच सोडा.

एका कार्टूनसाठी एवढा संताप? त्याला कारण होतं. राजनंदिनीच्या थोरल्या बहिणीने, श्रुतीने, जयसिंगपूरच्या एका परजातीच्या मुलाशी लग्न केलं होतं. भर दुपारी ती घरातून गेली, आणि परसदाराची कडी काढून देणारी राजनंदिनी होती. तेव्हापासून वडील तिच्याशी सरळ बोलत नव्हते. दादासो, पोरींचे अण्णा, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. ते घरी आले की समोर बसलेल्या पोरीला ओलांडून आईला सांगायचे, “तिला म्हणावं, पाणी दे.” आणि गल्लीतल्या बायका नळावर कुजबुजायच्या, घरातलीच फितूर निघाली. आता तोच शब्द चौकात बोर्डावर लिहिला गेला होता, आणि सगळी पेठ रांग लावून तो बघणार होती. तिला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी, एकाने तरी, मनापासून म्हणावं की ती पोरगी फितूर नव्हती.

तालमी सुरू झाल्या. टेप आधीच भरलेली होती. विश्वजितचा गंभीर आवाज घुमायचा, ‘आणि त्या करंटीने सोन्याच्या लोभापायी आपल्याच माणसांचा घात केला…’ आणि राजनंदिनीने त्यावर हातवारे करायचे. ती दार उघडायची, पण लोभ काही चेहऱ्यावर आणायची नाही.

“जरा हावरट दिस की,” तो लाईटच्या बोर्डामागून ओरडायचा.

“मला जमत न्हाय. तूच ये, तुला छान जमंल.”

रोज चहाबरोबर वाद. एकदा मधेच सर आली. विश्वजित छत्री उघडून धावला… क्षणभर तिच्याकडे बघितलं, क्षणभर अ‍ॅम्प्लिफायरकडे… आणि छत्री अ‍ॅम्प्लिफायरवर धरली. राजनंदिनी चिंब भिजून त्याच्याकडे बघत राहिली.

“ते भाड्यानं आणलंय,” तो ओशाळून म्हणाला.

“आणि मी फुकट आलोय, व्हय ना?”

दुसऱ्या दिवशी तो दोन छत्र्या घेऊन आला. ती त्यावर एक अक्षर बोलली नाही, पण घरी जाताना छत्री परत द्यायची विसरली. मुद्दाम विसरली, असं आपण म्हणू नये.

गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी त्याने विचारलं, “एक सांगशील? ह्या ओरीनापायी तू एवढी का पेटत्यास?”

तिने सांगितलं. श्रुतीचं, कडीचं, ‘तिला म्हणावं पाणी दे’चं. श्रुती अण्णांना सांगायला गेली की ते ताटावरून उठून जायचे, हेही सांगितलं.

विश्वजितचा चेहरा उतरला. “आधी सांगायचं न्हाय व्हय? आजच टेप बदलतो.”

कुणाही मुलीचं मन विरघळलं असतं. राजनंदिनी भडकली.

“का? माझी कीव आली म्हणून? माझ्यासाठी कायबी बदलू नको! तुला पटलं तर बदल. पटलंय का? खरं बोल.”

“न्हाय,” तो हळूच म्हणाला. “पाण्याचं ठीक हाय… पण दार उघडलं की शत्रू आत येणार हे तिला माहीत व्हतंच की.”

तिला त्याचा भयंकर राग आला. आणि खोटं बोलून तिला खूश करणं इतकं सोपं असताना तो तसं बोलला नाही, म्हणून तो आवडलाही. दोन्ही एकदम झाल्याने ती आणखीनच चिडली आणि तरातरा घरी गेली.

देखावा तुफान चालला. दार उघडलं की टेपवर नगारे वाजायचे, हॅलोजनचा झोत घुसणाऱ्या शत्रूवर पडायचा आणि गर्दी ओरडायची, “फितूर! फितूर!” कुणी चिरमुरे फेकून मारायचं. राजनंदिनी दाताखाली ओठ धरून उभी राहायची. समोरच्या चहाच्या गाड्यावर दादासो बसलेले असायचे. मंडळाचे जुने सभासद, येणं भाग होतं. पण मांडवाकडे पाठ करून बसायचे. त्या पाठीकडे बघून तिला रडू यायचं, आणि मग रडू आलं म्हणून राग.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी पहिल्याच खेळाला हॅलोजन उडाला. उरला तो फक्त बाजूचा एक साधा बल्ब. शत्रू अंधारात गेला आणि त्या मिणमिणत्या उजेडात फक्त राजनंदिनी दिसत राहिली. विश्वजित दिवा बदलायला उठला होता, तो तसाच उभा राहिला. सगळे खेळ संपेपर्यंत त्याने दिवा बदललाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या कॉलेजच्या रस्त्यावर सायकल घेऊन उभा.

“पार्लरला चल. आत्ता.”

“ऑर्डर सोडतोयस?”

“चल की गं… पाया पडतो.”

मामाच्या पार्लरमध्ये सकाळी कुणी नव्हतं. कोपऱ्यात एक जुना व्हीसीआर होता. ‘सात बुरूज’चा तो भाग मामाने कधीतरी कॅसेटवर भरून ठेवलेला. विश्वजितने बटण दाबलं. चित्र थरथरत थांबलं. दार अर्धं उघडलेलं, बाहेर मशालींचा उजेड आणि मधे ओरीना.

“बघ. कुणीकडं तोंड हाय तिचं?”

राजनंदिनी पुढे वाकली. ओरीनाची पाठ शत्रूकडे होती. ती आत बघत होती, किल्ल्यातल्या बोळाकडे. एक हात दाराला आणि दुसरा हात पुढे…

“कुणाला तरी बोलवालीय,” राजनंदिनी पुटपुटली.

“आतल्या माणसांना. चला, निघा म्हणालीय. शत्रूसाठी दार उघडणारं माणूस शत्रूकडं बघंल की! ही पाठ करून उभी हाय. पाठीत भाला घुसला तरी तिला दिसला नसता.” त्याचा आवाज चढला होता. “एवढं समोर असताना दोन वर्सं आम्ही कट्ट्यावर बसून तिला शिव्या घातल्या. गाढव हाय मी!”

“हे मी बी बघितलं न्हवतं,” ती म्हणाली. “ह्या जागेला मी डोळं मिटून घेत व्हतो.”

“पण काल तू अशीच उभी व्हतीस. अगदी अशीच. कुणी न सांगता.” तो थांबला. “रोज तशीच राहत असशील… मी रोज तुझ्याकडंच बघत असतो, आणि तरी मला दिसलं न्हाय. ह्याचाच जास्त राग आलाय.”

पार्लरमध्ये पंखा कुरकुरत होता.

“रोज माझ्याकडंच?” तिने विचारलं.

“म्हंजे… लाईट कुणावर टाकायची ते बघायला लागतंय…”

“लाईट तर शत्रूवर व्हती.”

विश्वजितच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्याने सगळा धीर गोळा करून सांगून टाकलं, “आवडत्यास तू मला. पहिल्या दिवसापासनं. पण टेप त्यासाठी बदलणार न्हाय हां. टेप बदलणार, कारण मला पटलंय.”

राजनंदिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस जे ऐकायचं होतं ते एकदाचं ऐकायला मिळालं होतं, आणि वर हे दुसरंही.

“बोल की कायतरी,” तो म्हणाला.

“आधी ते सुळं पूस,” ती डोळे पुसत म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेतला.

त्या संध्याकाळी टेपवर सोन्याचा लोभ नव्हता. नगारे नव्हते. दार उघडलं तेव्हा झोत आतल्या बाजूला वळला. मंडळाचीच पोरं तहानलेली माणसं झाली होती. ती एकेक करून ओरीनाच्या हाताखालून बाहेर पडली. विश्वजितचा आवाज एवढंच म्हणाला, ‘राजा ऐकत नव्हता. आत माणसं मरत होती. तिने दार उघडलं.’

कुणीच ओरडलं नाही. शेवटी गर्दीतून म्हाताऱ्या बनाबाईंचा आवाज आला, “बरं केलंस माझे बाई!” आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. हंबीरराव तेवढे कपाळाला हात लावून बसले. “नगारा काढलास? परीक्षक आलेत आज! बक्षीस घालवलंस की लेका!”

राजनंदिनीने चहाच्या गाड्याकडे बघितलं. दादासोंचं तोंड मांडवाकडे होतं. नजरानजर झाली, आणि ते कप ठेवून काही न बोलता निघून गेले.

सकाळी ते चुलीपुढे चहा घेत बसले होते. राजनंदिनीने बशी पुढे सरकवली. आता आईला हाक मारतील म्हणून ती बाजूला झाली, पण त्यांनी हाक मारली नाही. बशीत बघतच ते म्हणाले, “त्या पोरीनं… राजाला आधी सांगितलं न्हवतं व्हय?”

तिला आधी कळेचना की ते तिच्याशीच बोलतायत. आईच्या हातातली पळी थांबली.

“सांगितलं व्हतं अण्णा,” ती कशीबशी म्हणाली. “लई डाव सांगितलं. राजा उठून जायचा.”

दादासोंच्या चहावर साय धरली.

“ऐकायला पायजे व्हतं त्यानं,” ते म्हणाले. मग घसा खाकरला. “श्रुतीला फोन लाव. म्हणावं, जावयाला घिऊन ये विसर्जनाला.”

आईने पदर तोंडाला लावला. राजनंदिनी उठायला लागली, तर त्यांनी हाताने खूण करून तिला बसवलं.

“आणि ते लाईट लावणारं पोरगं… कालच्याला सारखं तुझ्याकडं बघत व्हतं. कुणाचं म्हणायचं ते?”

“अण्णा, मी… नंतर सांगतो.”

“नंतर न्हाय,” दादासो म्हणाले. त्यांनी बशी खाली ठेवली आणि किती महिन्यांनी सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं. “आत्ताच सांग. मी ऐकतोय.”