किल्ल्यावर उगवलेली लिली

"सलिल, हा बुरूज आहे की इडली?" स्वरालीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"तुला जमतंय तर तू कर!" सलिलने चिखलाचा गोळा आणखी जोरात थापटला.

दिवाळीची सुट्टी लागली होती आणि कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत किल्ला उभा राहत होता. स्वराली सातवीतली, म्हणून आपोआप किल्लेदार! धाकटा भाऊ सलिल आणि शेजारची भाग्यश्री तिच्या हाताखाली. माती सेक्रेटरी हिंमतरावांनी जिन्याखालच्या पोत्यांतून काढून दिली होती. मोहरी पेरून झाली आणि भाग्यश्री रोज झारीने पाणी घालू लागली.

एका सकाळी तीच ओरडली, "अरे, या लवकर! किल्ल्याला शिंगं फुटलीत!"

खरंच की! कड्यातून हिरवे देठ सरळ वर आले होते. पान एकही नाही, टोकाला मात्र टपोऱ्या कळ्या. सलिलने बोटाने माती उकरली. खाली इवलासा कांदा!

"माती कालवताना असले खडे खूप लागत होते," तो म्हणाला.

"खडे? अरे शहाण्या, हे पद्मजाकाकूंचे लिलीचे कांदे आहेत!"

स्वरालीने लगेच ओळखलं होतं. तळमजल्यावरच्या काकूंचा वाफा दर शरदात पांढऱ्या लिलीने भरून जायचा. कांदे त्यांच्या थोरल्या बहिणीने दिलेले, आणि ती बहीण आता नव्हती. यंदा मात्र वाफ्यात एक पातही उगवली नाही. उन्हाळ्यात इंटरनेटची केबल टाकायला तिथे चर खणला होता, पण हिंमतराव छातीठोकपणे सांगत, "वहिनी, तुमचीच माती परत भरलीय. कांदे म्हातारे झाले, दुसरं काय!" आता रविवारच्या सभेत त्या जागी फरशी घालून स्कूटर लावायचं ठरणार होतं.

तिघं वाफ्याकडे धावली. सलिलने खुरपं मारलं. खण्ण! वीट. पुन्हा खण्ण! फुटक्या टाइल्स.

"नुसता राडारोडा भरलाय! चला, हिंमतकाकांना जाब विचारू!" सलिल उसळून म्हणाला.

"ते म्हणतील, आधीपासूनच होता," भाग्यश्री म्हणाली. "मोठी माणसं चूक कबूल करतात होय?"

स्वराली विचारात पडली. मग गालात हसली. "आपण जाब विचारायचाच नाही. त्यांनाच बोलू द्यायचं. किल्ल्याचं उद्घाटन त्यांच्या हस्ते!"

हिंमतरावांना भाषणाची भारी हौस. रविवारी सभेआधी ते नवा झब्बा घालून हजर! सगळी सोसायटी जमली होती, काकूसुद्धा. एका कड्यावर मुलांनी ओढणी पांघरली होती.

"काका, माती काय भुसभुशीत होती! कुठून मिळवलीत?" स्वरालीने साळसूदपणे विचारलं.

"अरे, केबलच्या चरातली! मजूर फेकून देत होते. मीच म्हटलं, पोत्यांत भरून ठेवा, पोरांना किल्ल्याला होईल!"

"सगळी?"

"अगदी सगळी! एक ढेकूळ वाया जाऊ दिलं नाही!"

स्वरालीने ओढणी बाजूला केली. कड्यावर पांढरीशुभ्र लिली फुलली होती! हिंमतराव पुढे वाकून बघू लागले.

काकू फुलांपाशी मटकन बसल्या. "अगं बाई, जिवंत आहेत!" त्यांचे डोळे भरून आले.

"पण काकू, पोत्यात पाण्यावाचून मेले कसे नाहीत?" सलिलने विचारलं.

"कांदा शिदोरी घेऊनच झोपतो रे. कोरड्या मातीत निजला, की पाणी मिळताच आधी फूल काढतो, पानं मागून." मग त्या वळल्या. "अहो हिंमतराव, अख्खा पावसाळा मी विटांना खत घातलं. एकही उगवली नाही बघा!"

सगळे खो खो हसले. हिंमतरावांनी कान पकडले. "चुकलो, वहिनी! मला वाटलं, माती काय, सगळी सारखीच. फरशी रद्द! राडारोडा मी स्वतः उपसतो."

"पोरांनी डोकं लढवलं हं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे आता किल्ला मोडायचा?" सलिलचा चेहरा पडला.

"छे! फुललेल्या कांद्याला हात लावायचा नाही." काकूंनी स्वरालीला जवळ ओढलं. "फुलं सुकली की तिघंही या. कांदा किती खोल लावायचा, ते शिकवते. मला ताईने शिकवलं होतं."