वरच्या पट्टीतलं गाणं

तो वेटिंगरूममधला रेडिओ बंद करायला उठला आणि नेमकी त्याच वेळी मी दाराबाहेर आले.

गाणं ऐन रंगात होतं. तेच ते — 'एवढ्यात निघू नकोस'. बारा वर्षं झाली तरी दिवसातून एकदा कुठल्या ना कुठल्या स्टेशनवर लागायचंच. आमच्या काउंटरवरच्या मावशींचा त्या गाण्यावर फार जीव. दिवसभर नंबर पुकारून आणि लोकांची बोलणी खाऊन त्या पार विटलेल्या असायच्या. हे गाणं लागलं की मात्र पेन खाली ठेवायच्या आणि गाणं संपेपर्यंत डोळे मिटून घ्यायच्या. तेवढा वेळ कुणी कितीही खोकला तरी त्यांना ऐकू यायचं नाही.

"असू द्या चालू," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय आणखी वीस माणसं बसलीत इथे."

त्याने वळून पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. मग मान हलवून रेडिओ तसाच चालू ठेवला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला. उंच, किडकिडीत, गळ्याला मफलर. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता शीण होता. खूप दिवस नीट झोप न झालेल्या माणसाचा असतो तसा.

मला जरा वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. सकाळपासून सोळा पेशंट झाले होते. बसलेले आवाज पुन्हा उभे करणं हे माझं काम. शिक्षिका, वकील, दिवसभर फोनवर बोलणाऱ्या मुली — सगळ्यांचे गळे माझ्यासमोर येऊन बसतात आणि मी त्यांच्याबरोबर 'आऽऽ', 'ईऽऽ', 'ऊऽऽ' करत असते. संध्याकाळी घरी गेले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आई म्हणते, जगाला बोलतं करतेस आणि घरात मुकी होऊन बसतेस. आईचं खरं होतं. पण उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा.

सतरावा पेशंट म्हणून तोच आत आला. फाईलमध्ये डॉक्टरांनी लिहिलं होतं : स्वरतंतूंवर गाठी, तीन आठवडे पूर्ण मौन, नंतर हळूहळू व्यायाम. व्यवसायाच्या रकान्यात 'गायक'. मी नाव पुन्हा एकदा वाचलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे... ते गाणं..."

त्याने खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं, "हो, माझंच. माफ करा."

"माफी कशाबद्दल?"

"वीस माणसांची गैरसोय केली."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

तो मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागला. मौन असलं तरी श्वासाचे व्यायाम असतात, मान आणि खांदे सैल करायचे असतात. मी मोजायचे, तो श्वास घ्यायचा. बाकी वेळ तो लिहायचा. खरं सांगायचं तर मी त्या दोन दिवसांची वाट बघायला लागले होते. ज्याच्याशी बोलावं लागत नाही असा एकच माणूस माझ्या आठवड्यात होता... आणि नेमकं त्याच्याशीच मला बोलावंसं वाटत होतं.

"कुणासाठी लिहिलं होतंत ते गाणं?" एका शुक्रवारी मी विचारलं. बाहेर पाऊस रिपरिपत होता, पेशंट कमी होते.

त्याने पेन फिरवत थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं, "बससाठी."

"काहीतरीच."

"शपथेवर. मी धावत होतो आणि ती निघाली. पुढचीला पाऊण तास होता. थांब्यावर बसून लिहिलं."

"अर्ध्या जगाची लग्नं जमली त्या गाण्यावर. आणि ते बससाठी?"

"म्हणून कुणाला सांगत नाही. तुम्हीही सांगू नका." आणि खाली, जरा थांबून, "तुम्ही हसताना श्वास वरवर घेता. पोटातून घ्या."

"माझा श्वास माझा मी बघेन," मी म्हटलं, पण कान गरम झाल्याचं मला कळलं. त्यालाही कळलं असावं. तो उगाचच वहीची पानं चाळत बसला.

पुढच्या भेटींमध्ये तुकड्यातुकड्याने त्याने ते गाणं कसं झालं ते सांगितलं. त्याचा मोठा भाऊ रेकॉर्डिंग करायचा. एका छापखान्याच्या वर भावाची भाड्याची खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. खाली यंत्रं सुरू असली की जमीन थरथरायची, म्हणून दुपारी एक ते दोन, कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीतच काम करता यायचं. त्या एका तासात गिटार लावायची, ड्रम लावायचा आणि दोनचा भोंगा व्हायच्या आत जमेल तेवढं गाऊन घ्यायचं. कडव्याच्या मध्ये भोंगा वाजला की ते सगळं वाया. असे एकोणीस दिवस गेले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि एकोणीस दिवसांत एकदाही दमला नव्हता, असं त्याने लिहिलं. त्या वाक्याखाली त्याने रेघ मारली.

गाणं आलं तेव्हा पहिला आठवडा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका निवेदिकेने ते सकाळच्या कार्यक्रमात लावलं आणि दुपारपर्यंत स्टेशनचे फोन लागेनासे झाले. त्यानंतर ते त्याचं राहिलं नाही. लग्नात, निरोपसमारंभात, लिफ्टमध्ये, दाताच्या दवाखान्यात. त्याने पुढे चाळीस गाणी केली. लोक ती शांतपणे ऐकून घ्यायचे, औषध पाजण्याआधी आईचं समजावणं ऐकावं तसं, आणि मग ते एक मागायचे. काही ठिकाणी त्याने ते दोनदा गायलं होतं. गळा बसलेला असताना गायलं होतं, तापात गायलं होतं.

"कंटाळा आला?" मी विचारलं.

त्याने पेन टेकवलं, उचललं. नुसती मान हलवली — धड हो नाही, धड नाही नाही.

तीन आठवडे संपले. डॉक्टरांनी तपासलं, गाठी बऱ्याच उतरल्या होत्या. मी त्याला पहिल्यांदा आवाज काढायला सांगितलं. नुसता हुंकार. त्याने डोळे मिटले आणि खोलवरून एक सूर आला, जाडसर, उबदार, किंचित खरखरीत. मी त्याचा सहज लागणारा सूर कागदावर नोंदवला. मग सवयीने वर-खाली मोजून पाहिलं, आणि मला काहीतरी खटकलं.

घरी जाऊन मी कानात इअरफोन घालून त्याचं गाणं ऐकलं. इतकी वर्षं ऐकत होते, पण कानांनी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी शब्द सोडून दिले आणि फक्त श्वास ऐकले. दोन ओळींमधले श्वास फार तोकडे होते. चिमणीसारखे. मी त्या माणसाला आठवड्यातून दोनदा श्वास घेताना पाहत होते. तो असा श्वास घेतच नव्हता. कुणीच घेत नाही.

मंगळवारी तो खुर्चीत बसायच्या आतच मी म्हटलं, "रेकॉर्डवरचं गाणं तुम्ही त्या पट्टीत गायलेलं नाही."

तो उभाच राहिला. वहीसाठी खिशात हात घातला, आणि मग तसाच बाहेर काढला.

"बारा वर्षांत हे कुणी ओळखलं नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

मग त्याने सांगितलं. गाणं झालं होतं चार मिनिटं वीस सेकंदांचं. रेडिओवाले चार मिनिटांच्या वरचं नवख्याचं गाणं हातात घेत नव्हते. कडवं कापायला तो तयार नव्हता. तेव्हा दादाने त्याला न विचारता टेप थोडी वेगाने फिरवली. गाणं चार मिनिटांच्या आत बसलं, पण सगळंच एक सूर वर चढलं. आवाज कोवळा झाला, सतरा-अठरा वर्षांच्या मुलासारखा. लोकांना तोच आवडला. पहिल्या कार्यक्रमात तो आपल्या पट्टीत गायला तर मागून कुणीतरी ओरडलं, रेकॉर्डसारखं म्हण. तेव्हापासून तो त्या पट्टीत गात होता, जिथे तो कधी नव्हताच.

"दादाशी बोललात?"

"काय बोलणार? गाणं चाललं ते त्याच्यामुळे. तोही कधी विषय काढत नाही."

मी त्याला माझ्या कामाचं सांगितलं, स्पष्ट. पुन्हा तसं गायलात तर गाठी पुन्हा येतील आणि पुढच्या वेळी मौनाने भागणार नाही. महिन्याने टपाल कर्मचाऱ्यांच्या सभागृहात त्याचा दुपारचा कार्यक्रम ठरला होता. तो म्हणाला की तिकिटं त्याच एका गाण्यावर जातात, लोक वेगळं ऐकायला येत नाहीत. मी म्हटलं, खाली उतरवून गा. तो म्हणाला, लोक म्हणतील आवाज गेला. त्या दिवशी तो तेविसावा पेशंट होता. मी दमलेली होते, आणि दमलेलं माणूस बोलू नये ते बोलतं.

"मग घालवा गळा. मी कशाला जीव तोडून मोजत बसू? तुम्हाला बरं व्हायचंय कुठे, तुम्हाला फक्त पुन्हा सतरा वर्षांचं व्हायचंय."

त्याने मफलर गुंडाळला आणि गेला. शुक्रवारी आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. दर नंबराला मी दाराकडे बघत होते, हे मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी न मागता चहा पाठवला.

त्या दिवसांत मला एक गोष्ट उमगली आणि ती मुळीच सोयीची नव्हती. आमच्याकडे पेशंट म्हणजे पेशंट. त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणं यात बसत नाही. मी त्याची फाईल उचलली आणि आमच्या मोठ्या मॅडमना नेऊन दिली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, कारण विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "बरं केलंस वेळेवर."

पुढच्या शुक्रवारी तो आला. मॅडमच्या खोलीकडे पाठवल्यावर तिथून निघून सरळ माझ्या दारात उभा राहिला.

"मी एवढा वाईट वागलो?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग फाईल का दिलीत?"

मी समोरच्या कागदावर रेघोट्या ओढत होते. "तुम्ही आला नाहीत ते मला... पेशंट न आल्यासारखं वाटलं नाही. म्हणून."

बाहेर मावशींनी पुढचा नंबर पुकारला, मग पुन्हा पुकारला.

"कार्यक्रमाला याल?" तो म्हणाला. "खालच्या पट्टीत म्हणणार आहे. दादाला सांगितलं."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही. रडला जरा. मग म्हणाला, टेप अजून जपून ठेवलीय, मूळ वेगाची. दर वर्षी एकदा काढून ऐकतो म्हणे."

सभागृह पाऊणएक भरलं होतं. मी मागच्या रांगेत बसले. दादा आवाजाच्या टेबलापाशी होता. केस पिकलेले, हात पॅनेलवर असे ठेवलेले की जणू ते उडून जाईल. शेवटून दुसरं म्हणून तो ते गाणं गायला. सुरुवातीची गिटार वाजली, टाळ्या पडल्या, आणि मग त्याचा आवाज आला — लोकांच्या अपेक्षेपेक्षा खाली, सावकाश. लोक सवयीने बरोबर म्हणायला गेले आणि ओळीत त्याच्या पुढे निघून गेले. इकडेतिकडे हसू उमटलं. पुढच्या रांगेतलं एक जोडपं उठून गेलं. मला वाटलं, हा आता थांबेल. पण त्याने पोटातून पूर्ण श्वास घेतला, तो मला शेवटच्या रांगेत ऐकू आला, आणि दुसरं कडवं धरलं. दुसऱ्या कडव्याला कुणीच बरोबर म्हटलं नाही. ऐकत होते. मीही ऐकत होते. त्या कडव्यात वाट बघण्याचा एवढा थकवा आहे, हे मला बारा वर्षांत कळलं नव्हतं. घाईत तो ऐकूच आला नव्हता.

टाळ्या पडल्या. फार नाही, पण बराच वेळ. बाहेर पडताना एक बाई नवऱ्याला सांगत होती की रेकॉर्डची मजा नाही. नवरा म्हणाला, मला हेच बरं वाटलं. दोन दिवसांनी एका वर्तमानपत्राने लिहिलं, आवाज उतरला. दुसऱ्याने त्या कार्यक्रमाबद्दल काहीच लिहिलं नाही. पुढचे दोन कार्यक्रम रद्द झाले आणि एक नवा मिळाला, लहानसा. या सगळ्याचं व्हायचं ते झालं.

त्या संध्याकाळी मात्र आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. माणसं निघून गेली होती, दादा तारा गुंडाळत होता. तो मात्र सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर येऊन बसला. मी एक पायरी खाली बसले. मग उठून त्याच्या शेजारी बसले. समोर रिकामं अंगण होतं आणि उजेड उतरत चालला होता. त्याचा हात माझ्या हाताला लागून होता. काढायचा तर दोघांनाही काढता आला असता.

"दमलास?" मी विचारलं.

शब्द तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं, मी काय म्हटलं ते. इतके दिवस 'तुम्ही', 'अहो', 'घ्या', 'सोडा'... त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही.

"खूप," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, अगदी जपून, नवा सूर लावून बघावा तसं, "तू?"

"मी पण," मी म्हटलं, आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.