वगळलेले ठोके

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सोंडघाटात दरड कोसळली. काही मिनिटांत डोंगराच्या दुसऱ्या अंगालाही एक कोसळली. दुकिनारी नळवाहिनीच्या बोगद्याची दोन्ही तोंडं बुजली. वाहिनीवर गस्त घालणारा जानू झोरे त्या वेळी नेमका कुठे होता, हे कोणालाच माहीत नव्हतं.

समुद्राकाठच्या कातळवाडीत, नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर दोन्ही धक्के उमटले. पाळीवरची अभियंता स्पृहा केळुसकर हिने चहाचा कप बाजूला ठेवला आणि जिल्ह्याला कळवलं. जानूच्या हजेरीयंत्राची शेवटची खूण बोगद्याच्या कोकणाकडच्या तोंडाशी होती. तो ढिगाऱ्याखाली सापडला असणार असं धरून बचाव पथकाने तिथेच उपसा सुरू केला.

दुकिनारी मुळात तेलासाठी टाकली गेली. दक्षिणेला वळसा घालून जाणारा सागरी मार्ग युद्धामुळे धोक्याचा झाला, तेव्हा टँकर कोकणात रिकामे करायचे आणि तेल जमिनीखालून आंध्रच्या किनाऱ्यावर पोहोचवायचं ठरलं. साडेआठशे किलोमीटर पोलादी नळ. त्यासाठी दोन गावं उठली, सह्याद्री पोखरला, उद्घाटनाला नारळ फुटला. अकरा वर्षं तेल वाहिलं. मग रस्त्यावरच्या गाड्या विजेवर गेल्या, पूर्वेचा शुद्धीकरण कारखाना बंद पडला, आणि तेल काढून घेऊन नळात नायट्रोजन भरून ठेवण्यात आला. पोलाद उपसणं परवडणारं नव्हतं.

कामाची उरली ती कानतार. नळाशेजारून गेलेला केसाएवढा काचेचा तंतू. त्यातून प्रकाश सोडला की त्याचा अंश जागोजाग परत फिरतो. जमीन हलली की तो अंश बदलतो, आणि कुठे काय हललं ते संगणक ओळखतो. तेलचोरांची कुदळ ऐकायला टाकलेली ही तार पुढे भूकंप, दरडी आणि धरणांच्या भिंती ऐकू लागली. कंपनी आता तेल नव्हे, ऐकलेलं विकत होती. गस्तवाले निम्मे करण्यात आले.

उरलेल्यांची एक रीत होती. रोज सकाळी जानू कोकणाकडून बोगद्याशी यायचा आणि त्याचा मेव्हणा धाकू येडगे देशाकडून. जो आधी पोहोचेल त्याने नळावर काठीने तीन ठोके द्यायचे. दुसऱ्याने लगेच तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं की दोघं आत शिरत आणि मध्यावर बसून चहा घेत. दोनदा ठोकूनही उत्तर नाही आलं, तर समोरचा आज येणार नाही असं समजून माघारी फिरायचं. सगळ्या वाहिनीवरचे गस्तवाले हेच करत. याला ते राम राम म्हणत.

या ठोक्यांनी कातळवाडीत रोज धोक्याची घंटा वाजायची. चार वर्षांपूर्वी संगणकाला ते तीन ठोके ओळखून वगळायला शिकवण्यात आलं. वगळलेला आवाज साठवला जात नसे, फक्त त्याची संख्या राही. त्या रकान्याला ‘राम राम’ हे नाव स्पृहानेच दिलं होतं.

बुधवारी अकराच्या सुमारास तिची नजर त्या रकान्यावर गेली. सोंडघाटाच्या पट्ट्यात रोज दोन-चार राम राम असायचे. त्या दिवशी शंभराच्या वर होते.

तिने धाकूला फोन लावला. तो तापामुळे रजेवर होता, पण दरडीची बातमी कळल्यावर देशाकडच्या तोंडाशी येऊन उभा होता.

“धाकूदादा, सकाळपासून नळावर कोणी ठोकलंय का?”

“कोन ठोकणार, मॅडम? हितं मी आन् दोन पोलीस. त्यास्नी काठी माणसावर चालवायचीच सवं.”

“मग एकदा राम राम द्या.”

ढिगाऱ्यातून हातभर नळ उघडा दिसत होता. धाकूने दगड उचलला आणि तीनदा ठोकला. नळ घणघणला. त्या नादातच, आतून, तीन ठोके आले.

“दाजी!” धाकू नळावर तोंड ठेवून ओरडला. “दाजी, च्या आणलाय का एकट्यानंच पिलास?”

मग तो खाली बसला. फोन चालूच होता. स्पृहाला त्याचं रडणं ऐकू येत होतं.

पहिली दरड येताना जानू आत पळाला असावा. आता प्रश्न एवढाच होता की तो बोगद्यात कुठे आहे. बोगदा अडीच किलोमीटरचा. तोंडं मोकळी करायला चार दिवस लागले असते, आणि कोकणाकडचा भाग उताराचा असल्याने तिथे पाणी साठत होतं. वरून माणूस निघेल एवढं भोक पाडता येणार होतं, पण घाटावर बोअरची एकच मोठी गाडी पोहोचली होती आणि एका भोकाला पहाट झाली असती. दुसऱ्याला वेळ नव्हता.

कानतार दोन्ही तोंडांशी तुटली होती, त्यामुळे बोगदा बहिरा झाला होता; बाहेरची तार आपापल्या टोकाकडून ऐकत होती. नळ मात्र अखंड होता. पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर धावतो. जानूचा ठोका दोन्ही बाजूंच्या शाबूत तारेपाशी किती फरकाने पोहोचतो हे कळलं, की त्याची जागा निघते. स्पृहाने वगळणं बंद केलं आणि ऐकायला बसली.

पण तोवर धाकूने गस्तवाल्यांच्या ग्रुपवर कळवलं होतं. जानू जिवंत आहे, राम राम देतोय. कोकणापासून सोलापूर, तेलंगण, थेट आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत जो जिथे होता तो नळावर ठोकू लागला. कामावरून कमी केलेलेही घरून निघून आले. पडद्यावर अख्खी वाहिनी लुकलुकत होती. जवळच्या ठोक्यांनी बोगद्यातला नळ सारखा घणघणत होता, आणि प्रत्येक नादावर जानू लगेच उत्तर देत होता.

“थांबवा सगळ्यांना,” स्पृहाने धाकूला सांगितलं. “रिकामा नळ आहे. तुमचा नाद त्यात बराच वेळ राहतो. दाजींचा ठोका त्यातच बुडतो. जागा निघत नाही.”

“बाकीच्यास्नी सांगतो. मी एकटा ठोकतो, हळू.”

“तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही ठोकलंत की ते लगेच ठोकतात. त्यांनी आपणहून ठोकायला हवं.”

धाकूने हातातला दगड खाली ठेवला नाही.

“सकाळी त्यांनी आपणहूनच ठोकलं होतं,” ती म्हणाली. “सगळीकडे शांत असताना. ते आपण टाकून दिलं.”

“मॅडम, सकाळी कोनी ऐकतंय का बघाया ठोकत हुता. आता आमी हाय ते त्याला ठावं हाय. त्यो दोनदा ठोकंल. उत्तर न्हाई आलं की आमी गेलो समजंल, उठंल, माघारी जाईल. माघारी म्हंजे त्याच्या अंगाला. कोकणाकडं.”

“पाण्याकडे.”

“तेच म्हणतोय न्हवं मी!”

बचाव पथकाचे प्रमुख परुळेकर तोवर देशाकडे येऊन धाकूच्या शेजारी उभे होते. त्यांनी फोन हातात घेतला. “केळुसकर, दोन वेळा ठोकलं तर पुरेल?”

“कदाचित.”

“कदाचितवर गाडी लावू?”

“दुसरं काही नाहीये, सर.”

तीन वाजता निरोप गेला. एकेक करून पडद्यावरचे ठिपके विझले. दोन किनाऱ्यांमधला तो नळ इतका शांत कधी झाला नव्हता, तेल होतं तेव्हाही नाही. धाकू दोन्ही हात काखेत दाबून नळाकडे पाठ करून बसला.

तीन वीसला तीन ठोके आले. स्वच्छ. देशाकडच्या तोंडापासून नऊशे मीटर.

दहा मिनिटांनी पुन्हा तीन. तीच जागा.

“मिळाले,” स्पृहा म्हणाली.

“आता उत्तर देऊ?” धाकूने दगड उचललाही होता.

“एकदा द्या. लवकर.”

त्याने ठोकलं. नळ घणघणत राहिला. कान लावून तो ऐकत होता. नाद पूर्ण विरला तरी काही आलं नाही. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा काही नाही.

“उठला,” धाकू म्हणाला. “सांगितलं हुतं मी.”

“दमले असतील,” परुळेकर म्हणाले. “झोप लागली असेल.”

“साहेब, आमचा दाजी लगनात मांडवात झोपला हुता. पण राम रामला त्यो उठतो.”

परुळेकरांनी डोंगरावरच्या लोकांना हाताने खूण केली. नऊशे मीटरच्या खुणेवर बोअरची गाडी सुरू झाली. तिच्या धडधडीत आता कोणालाच काही ऐकू येणार नव्हतं. कातळवाडीचा पडदा सोंडघाटापाशी पांढरा पडला.

सहा वाजता, चाळीस मीटर खोली झाल्यावर, धाकूच्या हट्टामुळे गाडी मिनिटभर बंद करण्यात आली. त्याने तीन ठोके दिले.

या वेळी उत्तर आलं. दोनच ठोके, आणि धाकूचा नाद विरायच्या आत.

“कुठून?” परुळेकरांनी फोनवर विचारलं. “त्याच जागेवरून ना?”

स्पृहाने तीन वेळा मोजणी केली. दोन्ही नाद एकमेकांत मिसळले होते.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

कोकणाकडच्या तोंडाशी पाणी तेव्हा नळाच्या वर आलं होतं. सहा वाजून चार मिनिटांनी गाडी त्याच जागेवर पुन्हा सुरू झाली.