एक्याण्णवपासून खाली

हेमचंद्र पत्ता चुकून सुनेत्राच्या दारात आला, आणि कारखान्यात नकाशे काढतो म्हटल्यावर तिच्या वडिलांनी, अण्णांनी, लगेच त्याच्या हातात टेप दिली. अंबरनाथ पूर्वेतलं त्यांचं घर बांधून झालं होतं, फक्त व्हरांड्याची फरशी राहिली होती. लांबी एकशे त्रेचाळीस इंच, रुंदी एक्याण्णव. अण्णांना चौरस फरशी हवी होती, शक्य तेवढी मोठी, आणि एकही कापावी लागता कामा नये. माप कळलं की शिरगावचा जनू पाथरवट कामाला लागणार होता.

हेमचंद्र एक्याण्णवपासून खाली एकेका आकड्यानं दोन्ही मापं भागून पाहू लागला. रोज संध्याकाळी पाच आकडे, एक कप चहा, आणि मधूनच सुनेत्राकडे चोरून बघणं... चौथ्या संध्याकाळी स्वारी बहात्तरवर आली.

सुनेत्रा मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिला हसू यायचं आणि रागही, कारण रविवारी कल्याणची मंडळी तिला बघायला येणार होती. त्याआधी हा माणूस काहीतरी बोलेल, अशी तिला वेडी आशा होती.

"या चालीनं दिवाळी उजाडेल," ती म्हणाली. तिनं दोन दोरे मापून घेतले, एक लांबीएवढा, एक रुंदीएवढा. "लांब दोऱ्यावर आखूड दोरा ठेवायचा. तेवढा तुकडा लांबातून कापून टाकायचा. मग उरतील त्या दोघांत पुन्हा तेच. दोन्ही सारखे झाले की थांबायचं."

कात्री पाचदा चालली. त्यानं दोरे धरले, तिनं कापले. बोटं दोनदा लागली, तिसऱ्यांदा कुणी काढून घेतली नाहीत. शेवटी दोन्ही दोरे सारखे झाले.

"तेरा इंच," ती हळूच म्हणाली. आता त्याला यायला निमित्त उरलं नव्हतं, आणि ते तिनं स्वतःच संपवलं होतं.

"पहिल्याच दिवशी काढलं होतं मी," हेमचंद्र दोऱ्यांकडे बघत म्हणाला. "अशाच वजाबाकीनं. कारखान्यात रोज हेच करतो."

"मग हा... खुळेपणा?"

"तेरा सांगितलं असतं, तर चहा एकदाच मिळाला असता."

सुनेत्राचे कान तापले. तिला आनंद झाला होता, तो लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"रविवारी मला बघायला येणार आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर आज—"

"आज काय?"

तो दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागला. मग तिनंच आत वळून हाक मारली, "अण्णा, बाहेर या. यांना माझ्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय."