मधल्या अंशाची मुलगी

"ताई, तुम्ही लवकर आलात. माझ्या पोळ्या व्हायच्या आहेत. तोवर वाचत बसा." वृंदानं दारातच नणंदेला सांगितलं आणि ती आत निघून गेली.

डॉक्टर शर्वरी बेलसरे यांना राग आला नाही. सरळवाडीत असंच बोलतात, आणि सरळवाडी तर त्यांच्याच संशोधनातून उभी राहिली होती. आपल्याच पोरानं तोंडावर उत्तर दिलं तर तक्रार कुणाकडे करायची?

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, एक तर असते किंवा नसते, असं एके काळी समजत. मग अभ्यासकांच्या ध्यानात आलं की तिच्या खुणा थोड्याफार सगळ्यांमध्येच असतात, उंचीसारख्या. कुणाला मिक्सरचा आवाज सोसत नाही, कुणाला रोजची वाट बदललेली खपत नाही, तर कुणाला आडून बोललेलं कळत नाही. शर्वरीबाईंनी या खुणांचं माप काढलं. लोक त्याला नुसतं 'अंश' म्हणू लागले. शर्वरीबाईंचा खरा शोध मात्र पुढचा होता. जास्त अंशाच्या दोघांचं आपसात छान जमतं, कमी अंशाच्या दोघांचंही जमतं. घोळ होतो तो एक असा आणि एक तसा असला की. म्हणजे खोट कुणातच नव्हती, दोघांमधल्या अंतरात होती.

लोकांनी ही गोष्ट भलतीच मनावर घेतली. पत्रिका मागे पडल्या आणि अंश जुळवून लग्नं ठरू लागली. मग शेजार जुळले, आणि शेवटी वस्त्याही. जास्त अंशाच्या, मनात आहे ते बोलून टाकणाऱ्यांची सरळवाडी, आणि नदीपलीकडे कमी अंशाच्या, न सांगता ओळखणाऱ्यांची समजवाडी. भांडणं इतकी कमी झाली की कौटुंबिक न्यायालयातले वकील दुपारी डुलक्या काढू लागले. दोन्हीकडे माणसं सुखी होती, आणि हे सुख खोटं नव्हतं.

अडचण होती ती रेवाची. शर्वरीबाईंचा धाकटा भाऊ भार्गव आणि वृंदा यांची ही मुलगी, यंदा शाळेत जायची. मुलानं आपल्या अंशाच्या वाडीत वाढावं असा रिवाज पडला होता. मूल पलीकडचं निघालं तर तिकडचं एखादं घर त्याला आनंदानं सांभाळी, आणि आईवडील रविवारी भेटून येत. रेवाचा अंश मात्र बरोबर मधोमध आला होता. न बोललेलं तिला कळतं, इथे ती घुसमटेल, तिला पलीकडे पाठवा, असं शेजारीपाजारी सांगत होते. आईबापांना काही ठरवता येईना. ताई सांगेल तसं करू, असं भार्गवनं कळवलं होतं. पाठवा, हेच सांगायचं मनाशी धरून शर्वरीबाई समजवाडीतल्या आपल्या घरून आल्या होत्या.

जेवताना दुसऱ्या पुरणपोळीला त्या "नको, नको" म्हणाल्या, आणि भार्गवनं पोळ्यांचा डबा उचलून आत नेला. समजवाडीत तिसऱ्या आग्रहाशिवाय हो म्हणणं असभ्य समजतात. इतकी वर्षं या विषयावर व्याख्यानं देऊन बाई स्वतःच फसल्या आणि नुसतं पाणी प्यायल्या. रेवानं त्यांच्याकडे पाहिलं, आत जाऊन तूप घातलेली पोळी आणली आणि ताटात वाढली.

"बाबा, आत्याला हवी होती. तिच्याकडे आधी नको म्हणतात," ती म्हणाली, आणि मग आत्याकडे वळली. "आणि आत्या, बाबांना हवी म्हणून सांगायचं. ते देतात."

सगळेच हसले. भार्गवनं माफी मागून तिसरी हवी का विचारलं, तेव्हा शर्वरीबाई सरळ हो म्हणाल्या.

जेवणानंतर रेवा अंगणात खेळायला गेली, आणि शर्वरीबाईंनी आपलं मत सांगितलं. वृंदानं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तिच्या चेहऱ्यावरून मला कळत नाही, म्हणून मी तिला रोज विचारते. ती सांगते," वृंदा म्हणाली. "पलीकडे तिला कोण विचारेल?"

"पलीकडे विचारावं लागत नाही, वृंदा."

"आणि तुमचं ओळखणं चुकलं तर?"

शर्वरीबाईंना शेपूची भाजी आठवली. त्यांना शेपू आवडतो हे त्यांच्या नवऱ्यानं लग्न झाल्या झाल्या ओळखलं होतं, आणि तेव्हापासून त्या शेपू खात होत्या.

"ती गेली तर मला फार त्रास होईल," वृंदा पुढे म्हणाली. "पण हे मी तिच्यासमोर बोलणार नाही. तिला जायचं असलं तरी मग ती जाणार नाही. एवढं मला समजतं."

शर्वरीबाईंचे डोळे भरून आले. आपल्या मापात हे कुठेच बसलं नव्हतं, असं त्यांना वाटलं आणि लाजही वाटली. त्यांनी रेवाला हाक मारून तिलाच विचारलं. तिनं थोडा विचार केला. राहायचं इथेच, पण रविवारी खेळायला पलीकडे जायचं, असं तिनं सांगितलं. मग तसंच करा, असं आत्यानं सांगून टाकलं. भार्गव आनंदानं नुसता घरभर फिरत राहिला.

संध्याकाळी रेवा आत्याला पोचवायला पुलापर्यंत आली. मध्यावर कठड्याशी थांबून तिनं विचारलं, "आत्या, माझ्यासारखी माणसं कुठल्या वाडीत राहतात?"

शर्वरीबाईंच्या डोळ्यांपुढे त्यांचाच आलेख उभा राहिला. पहिल्या मोजणीत त्याला मधोमध एकच मोठी टेकडी होती, कारण बहुतेक माणसं मधलीच होती. अंश जुळवून लग्नं होत गेली, मधल्यांनीही कुठली तरी एक वाडी धरली, मुलंही तशीच निपजली, आणि टेकडीच्या दोन टेकड्या झाल्या. मधली दरी दर मोजणीत खोल होत होती. वाटणी किती स्वच्छ झाली म्हणून त्यांनी त्याच आलेखावर सत्कारही घेतला होता.

समजवाडीत अशा वेळी विषय बदलतात. पण पोरगी उत्तराची वाट बघत होती.

"पूर्वी सगळीकडे राहायची," त्या म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता तू आहेस."